बगळा छाप दोरा

एका गावात रत्नमाला पतंगे नावाची एक बाई होती. ब्लाउज शिवण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. विद्या पदराला गाठ मारून ठेवणाऱ्यांतली ती नव्हती. तिने वेबसाइट काढली आणि गळा कसा बेतायचा, बाही कशी बसवायची, हे चित्रं काढून फुकट शिकवू लागली. कुठकुठल्या बायका त्यावरून शिवण शिकल्या आणि आपल्या पायावर उभ्या राहिल्या. रत्नमाला मात्र दिवसभर दुसऱ्याच्या दुकानात मशीनवर बसायची आणि उरल्या वेळात वेबसाइट सांभाळायची. या ओढाताणीत ती पार पिचून गेली. जाहिरातदार मिळाला तर वेबसाइट चालवायची, नाहीतर बंद करायची, असं तिने ठरवलं.

मागायचं कुणाकडे? तिच्या डोळ्यांसमोर एकच नाव आलं. सुतासाठी नावाजलेल्या एका शहरात अण्णासाहेब मगदूम शिलाईचा दोरा बनवत. बगळा छाप. मशीनवर बसायला लागल्यापासून रत्नमालाने दुसरा दोरा सुईत ओवला नव्हता. तिने ईमेल लिहिला, 'मी फक्त तुमचाच दोरा वापरते. कापड विरतं, पण शिवण उसवत नाही. माझ्या वेबसाइटवर तुमची जाहिरात असावी असं मनापासून वाटतं.' यातला शब्द न् शब्द खरा होता.

बरेच दिवस गेले, उत्तर आलं नाही. अण्णासाहेब जुन्या वळणाचे, पारखल्याशिवाय हो म्हणायचे नाहीत. त्यांनी सुनेला वेबसाइट दाखवून त्यावरून एक ब्लाउज शिवायला सांगितला होता. पण हे रत्नमालाला कुठून कळणार?

तिचा दीर उमाकांत म्हणाला, "वहिनी, एकाच दारात किती दिवस उभ्या राहणार? त्या शहरात दोरा करणारे ढिगानं आहेत. तोच ईमेल सगळ्यांना पाठवा. छापाचं नाव तेवढं बदला."

"पण त्यांचा दोरा मी वापरत नाही, भाऊजी."

"ते त्यांना सांगायला कोण जातंय?"

त्या रात्री रत्नमालाने तो ईमेल पुन्हा उघडला. मग तिने नावं बदलली. हत्ती छाप, मोर छाप, आणखी कुठले कुठले छाप. 'मी फक्त तुमचाच दोरा वापरते,' हे एकेकाला गेलं. पहिल्या वेळी तिचा हात अडखळला. पुढे अडखळेनासा झाला, याचंच वाईट वाटतं.

त्या शहरात एक रीत होती. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, की दोरेवाले एकमेकांच्या कारखान्यात प्रसादाला जायचे. वर्षभर एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारे त्या दिवशी मांडीला मांडी लावून बसायचे. यंदा हत्ती छापवाल्याने फुशारकीने रत्नमालाचा ईमेल वाचून दाखवला. मोर छापवाल्याने आपला फोन काढला. त्यातही तेच. मग सगळ्यांनीच फोन काढले आणि हसून हसून त्यांची पोटं दुखायला लागली. अण्णासाहेब तेवढे हसले नाहीत. सुनेचा ब्लाउज अंगाला चपखल बसला होता, आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर ते होकार कळवणार होते.

दसऱ्याला त्यांचा फोन आला खरा. "बाई, तुमचं शिकवणं चोख हाय. पर जाहिरात काय मी देणार नाही. खंडेनवमीला समद्यांच्या फोनवर तुमचा ईमेल बघितला."

"अण्णासाहेब, तुम्हाला लिहिलं ते खरं होतं. देवाशपथ."

"असंल. पर बाकीच्यास्नीबी तुम्ही त्येच लिवलंय. त्यातलं खरं कुठलं, ते मी कशावरनं वळखायचं?"

 रत्नमालासमोर बगळा छापाच्या रिळांनी भरलेला डबा होता. त्याचा फोटो पाठवावा, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण आता तो फोटोही नाटकच वाटला असता. तिने फोन ठेवला.

इतरांपैकी कुणी उत्तरच दिलं नाही. वेबसाइट बंद पडली. अजूनही कुठल्याशा गावाहून एखादी बाई फोन करते, "ताई, बाहीचं पान उघडत नाही हो." रत्नमाला माप तोंडी सांगते आणि नंतर घरभर उमाकांतच्या नावाने बोटं मोडते. पण ते ईमेल काही उमाकांतने पाठवले नव्हते.

तात्पर्य: एकापाशी खरं असलेलं वाक्य लोभापायी दहा जणांपाशी खोटं बोललं, की त्या एकापाशीही ते खरं उरत नाही.