थांबल्या धोंड्याचे गाणे

खडकवण्याच्या डोंगरावर देवीचे देऊळ आहे, पण देवळापुढे दीपमाळ नाही. दीपमाळेसाठी घडवलेला धोंडा शेवटच्या चढणीच्या मध्यावर, वाट अडवून बसला आहे. त्याच्या मागच्या अंगाला बाभळीच्या पाचरी ठोकलेल्या दिसतात. बऱ्याचशा कुजून काळ्या पडल्या आहेत, एक मात्र दरवर्षी ताजी असते. पाहुणे धोंड्याला टेकून फोटो काढू लागले की भिकोबा गुरव त्यांना आधी बाजूला करतात आणि मग त्याची कथा सांगतात. मध्येच कुणी बोलले तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात, म्हणून शहाणे पाहुणे गप्प बसतात.

धोंडा चढवायला तेव्हा वडारांची टोळी बोलावली होती म्हणे. टोळीत दुर्गव्वा नावाची बाई होती. तिच्या हातात दोर कधी आला नाही, पण तिच्या गाण्याशिवाय दोर हलत नसे. गाणे तिचे तिनेच बांधलेले होते, असे सांगतात.

डोंगर म्हणतो, ये रं ये,
धोंडा म्हणतो, ने रं ने...

इथे गाणे थांबे. एका श्वासाएवढेच. ओढणारे दोर ताणून जागच्या जागी उभे राहत, आणि तेवढ्यात धोंड्यामागे वाकलेला तिचा धाकटा भाऊ तिपण्णा, धोंडा मागे येऊ नये म्हणून, तो ज्यावरून सरके त्या खालच्या ओंडक्याला पाचर मारी. पाचरीचा ठोका ऐकला की दुर्गव्वा पुढची ओळ उचले. आईबापामागे तिपण्णाला तिनेच लहानाचा मोठा केला होता. गाणे सगळ्या टोळीसाठी होते, थांबणे मात्र त्याच्या एकट्यासाठी होते.

जत्रा तोंडावर आली आणि गावात गजाबा शाहिराचा फड उतरला. मोठा नावाजलेला माणूस, पटका असा की दारातून आत येताना वाकावे लागे. त्याने चढणीवरचे गाणे ऐकले, त्याला ते आवडले, आणि जत्रेच्या आदल्या संध्याकाळी त्याने ते फडावर म्हटले. चाल वर नेली, शब्दांना नटवले. मधली रिकामी जागा तेवढी त्याला खटकली. गाण्याला भोक ठेवून कोण गातं, असे म्हणून त्याने तिथे हलगीचा तोडा भरला. गावाने गाणे डोक्यावर घेतले. पोरेबाळे तीच चाल म्हणत घरी गेली.

मागे बायकांत बसलेल्या दुर्गव्वाला खोटे कशाला, बरे वाटले. आपले मातीचे गाणे असे सजून आलेले पाहून तिचा ऊर भरून आला. फक्त ती जागा आली आणि हलगी कडाडली तेव्हा तिची नजर गर्दीत तिपण्णाला शोधू लागली.

सकाळी पाटलांनी फर्मावले की आज शेवटची चढण, आज सारा गाव दोराला लागेल आणि गाणे शाहीर म्हणतील. दुर्गव्वाने मधली जागा रिकामी सोडायला सांगून पाहिले. शाहिराला लोकांनी उचलून धरले म्हणून हिच्या पोटात दुखतेय, असे म्हणून लोक हसले. ती पाण्याची घागर घेऊन बाजूला उभी राहिली.

हलगी वाजली. धोंडा हलला आणि वेगाने वर चढू लागला. लोकांना चेव आला. ती जागा आली, तिपण्णा पाचर घेऊन वाकला, पण हलगीने जागा भरली आणि दोराला हिसका बसला. ओंडका सरकला. पुढच्या वेळीही तेच झाले. तिसऱ्या खेपेला पाचर त्याच्या हातातून उडून खाली घरंगळत गेली. आता धोंड्यामागे काहीच नव्हते, फक्त तिपण्णाचा खांदा होता.

पुढच्यांना ते दिसत नव्हते. ते गात होते, दमत होते, आणि धोंडा बोटाबोटाने मागे येत होता. तिपण्णाचे पाय मातीत रुतत चालले होते. दुर्गव्वा ओरडली, पण हलगीपुढे तिचे कोण ऐकणार? दोरावरून दोन हात जरी सुटले असते तरी तिपण्णा उरला नसता.

तिने घागर टाकली, धावत जाऊन हलगीच्या कातड्यावर दोन्ही हात ठेवले, आणि गजाबाच्या तोंडावर आपल्या जुन्या चालीत ती ओळ म्हटली. धोंडा म्हणतो, ने रं ने. आणि थांबली.

दोराच्या पुढच्या टोकाला वडार होते. त्यांच्या अंगात ते थांबणे मुरलेले होते. ते थिजले, त्यांच्यामागे गाव थिजला. दोर ताणलेला राहिला. म्हणे तान्ही पोरेसुद्धा रडायची थांबली. त्या शांततेत दुर्गव्वा उतार उतरली, पाचर शोधली, आणि जिथे कुणी उभे राहू नये तिथे, धोंड्याच्या मागे, भावाशेजारी वाकली. ठोका बसला तेव्हा तो साऱ्या डोंगराने ऐकला.

तिपण्णा वाचला, खांदा मात्र कायमचा गेला. धोंडा आणखी वर न्यावा असे पाटील म्हणाले, पण दोराला एकही हात लागला नाही. गजाबाने पटका काढून तिच्या पायाशी ठेवला आणि हे गाणे आता पुन्हा म्हणणार नाही, असे सांगितले.

"म्हणा की," दुर्गव्वा म्हणाली. "कुणीबी म्हणा, कसंबी म्हणा. तेवढी जागा माझ्या भावाची हाय. ती भरू नगा."

गाणे मग लांब लांब गेले. फडांनी नेले, बँडवाल्यांनी क्लॅरिनेटवर वाजवले, कुणा बाईने त्याची तबकडी काढली. तिने त्या जागेत सारंगी घातली होती. खडकवण्याच्या हॉटेलात ती तबकडी लागली की मालक चहा गाळायचा सोडून यायचा आणि तेवढ्यापुरती सुई उचलून धरायचा. आता ऑर्केस्ट्रावाले येतात, कीबोर्ड आणतात, मूळ चाल आईला ओळखू येणार नाही अशी करतात. गाव काही बोलत नाही.

आजही जत्रेत कुणीही ते गाणे म्हटले तरी 'ने रं ने'पाशी सगळे थांबते. तिपण्णाच्या वंशातले कुणीतरी तेव्हा वर धोंड्यापाशी नवी पाचर घेऊन वाकलेले असते. गेल्या साली ठोका यायला उशीर झाला. नव्या गायकाने न राहवून माइक तोंडाशी नेला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या म्हातारीने नुसता हात वर केला. तो थांबला. सारा गाव डोंगराकडे बघत उभा राहिला, आणि वरून ठोका आल्यावरच लोकांनी श्वास सोडला.