मागचा सूर

“माय, मी सुधारलो हे माझ्या भावाला कोण सांगंल?”

मठ सांभाळणारी काशीमाय, साऱ्या गावाची माय, मठाच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

“कोण सुधारलं म्हणालास?”

“मी.”

“बरं झालं. बस.”

हैबती बसला नाही. पंचक्रोशीत त्याच्यासारखा सनईवाला नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा. दारूनं त्याचं घर खाल्लं, अंगावरचं मांस खाल्लं. अहंकाराला मात्र तिनं तोंड लावलं नव्हतं.

दसऱ्यापासून त्यानं बाटली सोडली होती. तेवढं खरं होतं.

“लहानू बोलत न्हाई माझ्याशी. समोरनं गेलो की मान फिरवतो.”

“का रं फिरवतो?”

...

कारण मायला ठाऊक होतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं.

लहानू हा हैबतीचा धाकटा भाऊ. हैबती पुढे बसून वाजवायचा, लहानू मागे बसून सूर धरायचा. सूर धरणाऱ्याच्या सनईतून एकच स्वर निघतो. गालात हवा साठवायची, नाकानं श्वास घ्यायचा आणि तो स्वर तुटू द्यायचा नाही. त्याला कुणी वाहवा म्हणत नाही. हैबती तर या कामाला हमाली म्हणायचा.

मग दोन वर्षांमागे लहानूच्या लेकीचं, अनसूयेचं लग्न निघालं. हैबती पिऊन आला आणि ऐन मंगलाष्टकांत सनईसकट अंतरपाटावर पडला. वऱ्हाडी हसले, नवरी रडली. लहानूनं पुढची सनई उचलली आणि मागे कुणी नसताना एकट्यानं लग्न पार पाडलं. तेव्हापासून मठाच्या नगारखान्यात तो रोज पहाटे तसाच एकटा वाजवायचा.

“मी ठरवलंय,” हैबती म्हणाला. “सारा गाव गोळा करायचा. समद्यांच्या देखत लहानूच्या पायावर डोकं ठेवायचं. आन् मग अशी भैरवी वाजवायची माय, की दगडाला पाझर फुटंल!”

माय इतकी हसली की सुपातले तांदूळ सांडले.

“म्हंजे माफीबी तूच वाजवणार, आन् वाहवाबी तूच घेणार!”

हैबतीचं तोंड उतरलं.

“मग काय करू? बेलभंडारा उचलू? जन्मात थेंब घेणार न्हाई म्हणून?”

“आजवर किती येळा उचललास?”

...

“जन्माचं मला नगं,” माय म्हणाली. “उद्या पहाटंचं सांग. येशील?”

“येईन की.”

“लहानूच्या मागं बस. सूर धर.”

हैबतीला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय.

“मी? ... लहानूच्या मागं?”

“व्हय. आन् एक शबूद बोलायचा न्हाई.”

“त्यानं उठवून लावलं तर?”

“तर परवा पुन्ना बस.”

दुसऱ्या दिवशी पहाटे हैबती नगारखान्याचा जिना चढला. लहानूनं पाहिलं. त्यानं आपली घोंगडी थोडी पुढे ओढली आणि वाजवायला लागला.

हैबतीनं सूर धरला आणि लगेच सोडला. छाती भात्यासारखी वाजायला लागली. ज्याला आपण जन्मभर हमाली म्हणालो ते आपल्याला जमत नाही, हे त्या पहाटे त्याला कळलं आणि त्याचे कान तापले.

तरी तो परवा गेला. तेरवाही गेला.

एकदा संध्याकाळी मायपुढे येऊन उभा राहिला.

“माय, दिवस कलला की जीव घेरतो. पाय आपसूक गुत्त्याकडं वळत्यात.”

“नदीवर जा. सूर धर.”

“मन लागत न्हाई.”

“मनाला कुणी बोलावलंय? तू श्वास घिऊन जा.”

गेला बिचारा. नदीकाठच्या म्हशींनी त्या संध्याकाळी फार सोसलं.

पण दिवस सरत गेले. बाजारात एका जुन्या सोबत्यानं त्याची बाही ओढली.

“एक घोट, हैबतराव! देवाला काय कळतंय?”

“देवाला न्हाई कळायचं,” हैबती म्हणाला, “पर लहानूला कळंल. पहाटं सूर तुटंल.”

थंडी संपता संपता सूर तुटेनासा झाला. काकडआरतीला येणारी माणसं म्हणू लागली, लहानूची सनई अलीकडे गोड झालीय. मागे बसलेल्याचं नाव कुणी घेतलं नाही. हैबतीला आधी ते झोंबलं. मग एके दिवशी झोंबलं नाही, आणि झोंबलं नाही हेही त्याच्या उशिरा लक्षात आलं. धाकटा इतकं सुरेख वाजवतो हे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. पुढे बसून ते कधी ऐकूच आलं नव्हतं.

“अजून बोलला न्हाई,” तो मायला म्हणाला.

“तू त्यानं बोलावं म्हणून जातोस व्हय?”

“आधी जायचो.”

“आन् आता?”

हैबती चक्क लाजला.

“आता... बरं वाटतं म्हणून जातो.”

मायनं त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

शिवरात्रीच्या पहाटे मठाच्या अंगणात बैलगाडी थांबली. अनसूया पहिलं लेकरू देवाच्या पायावर घालायला आली होती. लेकरू मायच्या मांडीवर देऊन तिनं वर नगारखान्याच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकीत हैबती काका होता. मांडवात पडलेला काका, आज ताठ बसलेला, गाल फुगवून.

ती हसली.

हैबतीला ते दिसलं. डोळे भरले, ओठ सैल पडले, आणि सूर खाली घसरला.

लहानूनं सनई तोंडातून काढली. मागे न वळता म्हणाला,

“दादा, सूर पडला.”

दादा!

हैबतीनं सनई घोंगडीवर टाकली आणि धोतर सावरत धडाधडा जिना उतरला. अंगणात येईपर्यंत तो रडत होता की हसत होता, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

“माय! बोलला! लहानू बोलला! दादा म्हणाला मला!”

“हळू. पोर जागं हुईल.” मायनं मांडीवरच्या लेकराला थोपटलं. “आणिक काय म्हणाला?”

“सूर पडला म्हणाला.”

मायनं नुसतं बोट वर केलं.

...

नगारखान्यातून सनई ऐकू येत होती. पुढचं गाणं थांबलं होतं. आता एकच स्वर येत होता, सरळ, न तुटणारा... पुढची जागा मोकळी सोडून लहानूनं स्वतःच मागचा सूर धरला होता.

हैबती डोळे पुसायचं विसरून ऐकत राहिला.

“आरं, मग हितं काय करतोस?” माय म्हणाली. “पळ. त्याला दम लागंल.”