हत्ती बांधलेली बाग

फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की तिथल्या राजाचं नाव सांगायलाही आता कुणी उरलेलं नाही, आणि त्याने काही अडतही नाही. त्या राज्यात एक वैद्यशाळा होती. शिक्षण फुकट, जेवण फुकट, आणि शिकून बाहेर पडणाऱ्याला जन्मभर मान. साहजिकच प्रत्येक आईबापाला वाटे, आपलं मूल तिथे जावं. जागा मात्र मूठभर होत्या.

म्हणून परीक्षा होती. अंगणात ओळीने गाडगी मांडायची, प्रत्येकात एक औषधी वनस्पती ठेवायची, मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि वास घेऊन नाव सांगायला लावायचं. ज्याला जास्त नावं आली तो आत. अंधारात, घाईगर्दीत, रोगी कण्हत असताना ज्याला अडुळसा कोणता आणि निर्गुडी कोणती ते कळत नाही, त्याच्या हाती जीव कसा सोपवायचा, असा त्यामागचा विचार. विचार काही वाईट नव्हता.

परीक्षा घेई एक म्हातारी वैद्यीण. बोलायला फटकळ, गुडघ्यांनी अधू, पण हाताने स्वच्छ. कुणाच्या मुलाला तिने एक नाव फुकट दिलं नाही, की कुणाचं एक कापलं नाही. तरीही दरवर्षी निकाल लागला की तिच्या दारात भांडण उभं राही.

कारण त्या नगरात तीन आळ्या होत्या. गढीआळीत राजाचे मानकरी राहत. विणकरआळीतले लोक दुष्काळात परमुलखातून आलेले. त्यांची बोली अजून वेगळी कळे आणि गढीवरचे अजून त्यांना पाहुणेच समजत. नदीआळीतले लोक मासे धरत, होड्या वल्हवत. ते रंगाने काळे होते, आणि एवढ्यावरून ते मुळातच निराळे, असं बाकीच्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. वैद्यशाळेत सगळ्यात जास्त मुलं विणकरआळीची जात, त्याखालोखाल गढीची. नदीआळीचं एखादं गेलं तर गेलं, नाहीतर तेही नाही.

आता गंमत बघा. राजाच्या आजोबांनी प्रत्येक आळीला एकेक औषधी बाग लावून दिली होती. प्रत्येक बागेला एक माळी, त्याला सरकारी पगार, आणि रोज सकाळी मुलांना झाडं ओळखायला शिकवणं हे त्याचं काम. म्हणजे सगळ्यांना सगळं सारखं. मग नदीआळीची मुलं मागे का? यावर नगरातल्या यच्चयावत शहाण्यांनी डोकी खाजवली आणि एका सुरात सांगितलं, की त्यांची नाकंच तशी.

कुणी म्हणे, मासळीच्या वासाने ती मरतात. कुणी म्हणे, काळ्या कातडीच्या माणसाचं नाक आतून वेगळं असतं. दरबारातल्या एका विद्वानाने तर आळीआळीत फिरून मुलांची नाकं दोरीने मोजली आणि त्यावर दरबारात लांबलचक भाषण केलं. वैद्यिणीने जन्मभर माणसं तपासली होती. सगळ्यांची नाकं पावसाळ्यात सारखीच वाहतात हे तिला ठाऊक होतं. ते भाषण ऐकताना तिचं डोकं उठलं.

एका वर्षी परीक्षेला नदीआळीतली एक मुलगी बसली. मागच्या वर्षीही ती आली होती. नागरमोथा आणि वाळा तिने पटकन ओळखले, कारण ते नदीकाठी उगवतात. बाकीच्या गाडग्यांपाशी ती नुसती उभी राहिली. पण एका गाडग्यावर वाकून ती म्हणाली, "हे कशाचं ते ठाऊक नाही, पण याचं पान कालचं आहे आणि मूळ आजचं." ते खरं होतं. वैद्यिणीने असं नाक उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

निकाल लागला. मुलगी नापास. तिची आई ओल्या पदरानिशी तशीच घाटावरून तिला घेऊन वैद्यिणीकडे आली.

"बाई, पुढल्या साली एकदाच बसता येईल तिला," आई म्हणाली. "त्याच्यापुढं वय भरतंय. तिला दुसरं काय सुचत नाय. दिसेल त्याचा वास घेत फिरती. तुम्हीच सांगा, काय करू?"

"काय करू म्हणजे? बागेत पाठव तिला," वैद्यीण वैतागून म्हणाली. "बाग आहे ना तुमच्या आळीला? का नुसतं नाक घेऊन हिंडायचं?"

"जाते की मी," मुलगी म्हणाली. "रोज जाते. हत्तीला पाणी पाजायला."

"कुठल्या हत्तीला?"

"बागेतल्या. बाग म्हणजे हत्ती बांधतात तीच ना?"

वैद्यिणीने काठी घेतली आणि गुडघ्यांना शिव्या देत नदीआळीची वाट धरली. इतकी वर्षं ती परीक्षा घेत होती, पण ती बाग बघायला एकदाही गेली नव्हती. बाग आहे असं सगळेच म्हणत होते, मग जायचं कशाला?

बाग होती. म्हणजे कुंपण होतं, फाटक होतं, फाटकावर राजाची मुद्राही होती. आत एक हत्ती होता. झाड म्हणाल तर एक नाही. सगळीकडे तुडवलेली माती आणि शेण. माळी बादली घेऊन हत्तीचे कान धूत होता.

"हे काय?" वैद्यिणीने विचारलं.

"राजाचा हत्ती," माळी म्हणाला. "गढीवर तेव्हा उत्सव होता. हत्तीशाळेत जागा नव्हती, म्हणून दोन दिवसांसाठी इथे बांधला."

"कधी?"

"माझ्या बापाच्या वेळेला."

"आणि झाडं?"

"खाल्ली," माळी म्हणाला. "हत्ती आहे तो. खाणारच."

"तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. बागेची तक्रार बागखात्याकडे करा म्हणाले. बागखातं म्हणालं, हत्ती आमच्याकडे येत नाही. हत्तीखातं म्हणालं, हत्ती मजेत आहे, तक्रार कसली?" त्याने दुसरा कान धुवायला घेतला.

वैद्यीण तडक दरबारात गेली. तिथे नेमकी याच विषयावर सभा भरलेली होती. नदीआळीचे लोक दाद मागायला आले होते, आणि राजा दयाळू असल्यामुळे त्याने सगळ्यांना बोलावून घेतलं होतं.

प्रधान म्हणाला, "नदीआळीच्या मुलांना चार गाडगी कमी ठेवू. नाक कमी, तर गाडगी कमी."

यावर विणकरआळीचा एक बाप उठला. "महाराज, आमच्या बागेचा माळी सकाळी तासभर शिकवतो, तेवढ्याने भागत नाही. म्हणून आम्ही बाजारातून मुळ्या विकत आणतो. घरात एक वेळ चूल पेटते. माझ्या मुलाने खेळ म्हणून कसला पाहिला नाही. आता त्याची जागा काढून घेणार असाल, तर त्याने गुन्हा काय केला ते तरी सांगा."

त्याचं खरं होतं. नदीआळीचंही खरं होतं. वैद्यिणीला दोघांची दया आली आणि बाकी सगळ्यांचा राग.

मग कुणी म्हणालं, चिठ्ठ्या टाका. गढीचे मानकरी म्हणाले, वैद्य काय चिठ्ठीने होतो? कुणी म्हणालं, परीक्षाच बंद करा. कुणी म्हणालं, तिन्ही आळ्यांना जागा वाटून द्या, म्हणजे कटकट मिटली. विद्वान दोरी काढून पुन्हा नाकं मोजायला निघाला.

"महाराज," वैद्यीण म्हणाली, "नदीआळीच्या बागेत हत्ती बांधलेला आहे. तो आधी सोडा."

प्रधान घसा खाकरून म्हणाला, "बाई, इथे विषय परीक्षेचा चालला आहे. हत्तीचा विषय वेगळा. तो राज्याच्या इभ्रतीचा आहे." राजाने मान डोलावली, आणि चर्चा पुन्हा गाडग्यांवर आली. दिवस मावळेपर्यंत ती तिथून हलली नाही. वैद्यीण मात्र उठून घरी गेली.

ते वर्ष असंच गेलं. वैद्यिणीने दरबारात खेटे घातले. प्रत्येक वेळी तिचं म्हणणं मन लावून ऐकून घेतलं गेलं, आणि प्रत्येक वेळी हत्ती होता तिथेच राहिला. परीक्षेचा दिवस जवळ आला तसा तिचा धीर सुटला.

परीक्षेचा जुना नियम होता, की गाडगी तीनपैकी कोणत्याही एका बागेतून भरावीत; कोणत्या ते परीक्षकाने ठरवावं. इतकी वर्षं सोयीचं म्हणून ती गढीच्या बागेतून भरली जात. त्या वर्षी वैद्यिणीने ती नदीआळीच्या बागेतून भरली.

परीक्षेला राजा स्वतः येऊन बसला होता. पहिला आला गढीचा मुलगा. पट्टी बांधली, पहिलं गाडगं पुढे केलं. मुलाने वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हत्तीचं शेण," तो म्हणाला.

"बरोबर. दुसरं?"

"हत्तीचं शेण."

"बरोबर. पुढे चल."

मग विणकरआळीची मुलं आली. मग नदीआळीची आली, त्यात ती मुलगीही होती. राजाचे हत्ती सगळ्या आळ्यांतून फिरत, त्यामुळे कुणाचं एक उत्तर चुकलं नाही. सगळे सारखे पास.

"बघा महाराज," वैद्यीण म्हणाली, "तिन्ही आळ्यांची नाकं शाबूत आहेत. जे रोज नाकाशी येतं ते सगळ्यांनाच ओळखता येतं."

पण तेवढ्यात गढीच्या आया पुढे आल्या होत्या. त्यातली एक संतापून म्हणाली, "हा काय चावटपणा मांडलाय? असल्या बागेत आमची मुलं काय शिकणार?"

"तेच मी वर्षभर विचारतेय," वैद्यीण म्हणाली.

राजा मनाने वाईट नव्हता, पण समोर गाडगी आल्याशिवाय त्याला काही दिसत नसे. तो खजील झाला. संध्याकाळच्या आत हत्ती हत्तीशाळेत गेला, आणि तिथे म्हणे जागा मुळीच कमी नव्हती. दुसऱ्या दिवशी माळ्याला फावडं मिळालं, रोपं मिळाली, आणि बागेला पाटाचं पाणी आलं.

राहिली त्या वर्षीची परीक्षा. ती पुन्हा घ्यावी लागली, कारण वैद्यशाळेला हत्तीचं शेण ओळखणारे वैद्य नको होते. या वेळी गाडग्यांत खऱ्या वनस्पती होत्या. नदीआळीची बाग तेव्हा नुसती उकरलेली जमीन होती. त्या मुलीला पुन्हा नागरमोथा आणि वाळा एवढंच आलं.

वैद्यीण राजापुढे गेली. "महाराज, या पोरीला अजून दोन वर्षं द्या. बाग उगवू दे. तोवर वयाची अट सोडा. तिची बाग तुमच्या हत्तीने खाल्ली आहे, ती काही स्वतःहून मागे राहिलेली नाही."

राजाला वाईट वाटलं. त्याने प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने नियम वाचून दाखवला.

"मी काय करणार, बाई?" राजा म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखा असायला हवा."

आणि सगळ्यांना ते पटलं. वर्षभर एका शब्दावर ज्यांचं एकमत झालं नव्हतं, त्या तिन्ही आळ्यांच्या पंचांनी माना डोलावल्या. वैद्यिणीला वाटलं, हातातली काठी कुणाच्या तरी डोक्यात घालावी, पण डोकी इतकी होती की सुरुवात कुठून करावी ते तिला कळेना. मुलगी आईबरोबर घरी गेली.

वर्षं गेली. नदीआळीत अडुळसा वाढला, वेखंड रुजलं, गुळवेल कुंपणावर चढली. सकाळी मुलं माळ्यामागे फिरू लागली. मग एका वर्षी नदीआळीची बरीच मुलं एकदम वैद्यशाळेत गेली. विणकरांची मुलंही गेली, गढीचीही गेली, आणि जागा अपुऱ्या पडल्या तेव्हा राजाने आणखी एक पडवी बांधून दिली. पडवी आधीही बांधता आली असती, पण ते तेव्हा कुणाला सुचलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी प्रधान बाजारातून चालला होता. वैद्यीण दिसताच तो खुशीत म्हणाला, "काय बाई, नदीआळीची नाकं सुधारली म्हणायची."

शेजारीच मासळीची पाटी घेऊन एक तरुण बाई बसली होती. तिने मान वर केली. वैद्यिणीने तिला ओळखलं.

"माझं नाक तेव्हाही हेच होतं, बाई," ती शांतपणे म्हणाली, आणि गिऱ्हाइकाला मासे निवडून देऊ लागली. प्रधान केव्हाच पुढे निघून गेला होता. वैद्यीण मात्र गुडघे सावरत तिच्या पाटीशेजारी खाली बसली.

लहानांनी आणि त्याहून जास्त मोठ्यांनी यातून घ्यायचं ते एवढंच: सगळ्या मुलांना एकाच मापाने मोजायचं असेल, तर आधी सगळ्यांच्या पदरात एकाच मापाने घालावं लागतं, आणि तेही त्यांचं वय निघून जाण्याआधी.