किल्लेदाराच्या हातचा नारळ

खाडीचं तोंड जिथे सगळ्यात अरुंद, तिथेच सागरकोटाच्या तोफा होत्या. त्यांच्या जोरावर किल्लेदार गिरमाजीरावांनी फर्मान काढलं, "हा दर्या माझा. माझ्या परवानगीशिवाय एकही गलबत बाहेर पडायचं नाही!" पावसाळा सरत आला होता, आणि मस्कतला जायची तांदळाची गलबतं परवानगीवाचून खाडीतच अडकली.

नारळी पौर्णिमेला खलाशांचा म्होरक्या, म्हातारा चाहू तांडेल, सगळ्या कोळीवाड्याला घेऊन गडाच्या बुरुजावर गेला. हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ.

"सरकार, दर्याच्या मालकाला आम्ही दरसाल नारळ देतो. मालक तुम्ही, तर यंदाचा मान तुमचा."

किल्लेदारांनी खुशीत नारळ घेतला.

"आता गाऱ्हाणंही ऐका," चाहू म्हणाला. "यंदा वादळं आवरा, गलबतं सांभाळा. कुणाचा माणूस परतला नाही, तर त्याची बायकापोरं जाब विचारायला तुमच्याच दारी येतील."

कोळणींनी पदर खोचले. हातात निखारा पडावा तसा किल्लेदारांनी तो नारळ बुरुजावरून लाटांत भिरकावला.

चाहूने मनोभावे हात जोडले. "बघितलंत ना? सरकारांनी स्वतःच्या हातानं दर्याला नारळ वाहिला! मालक कोण ते ठरलं. चला, शिडं उभारा!"