राजवाड्यामागची भट्टी

विषय: राजवाड्यामागील भट्टी विझवण्यास परवानगी मिळणेबाबत.

वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, फार पूर्वी एका रखरखीत राज्यात एक राजा होता. त्याला उकाडा मुळीच सोसत नसे. म्हणून राजवाड्यामागे प्रचंड भट्टी बांधली होती. तिच्यात लाकडे जाळून पाण्याची वाफ करीत आणि त्या वाफेवर दरबारातले भलेमोठे पंखे फिरत. वारा राजाला लागे, धग मागच्या गल्लीतल्या सूतिकागृहात शिरे. राज्यातली बाळे तिथेच जन्मत, त्यामुळे राज्यकारभाराशी त्यांची ओळख पहिल्याच दिवशी होई.

त्याच राज्यात एक स्थपती होती. लाकूड न जाळता इमारती गार ठेवणे, हेच तिचे आयुष्यभराचे काम. राजाची परवानगी काढून तिने दरबाराखाली विटांचे खोल बोगदे बांधले. बाहेरची हवा जमिनीच्या पोटातून गार होऊन वर येई आणि गरम हवा उंच मनोऱ्यातून निघून जाई. पंखे थांबले. ऐन वैशाखात राजाने शाल मागवली.

ती पाहून स्थपती समाधानाने सूतिकागृहाकडे निघाली. तिची मुलगी तिथे नुकतीच बाळंत झाली होती.

गल्लीत पाऊल टाकताच तिला धग लागली. भट्टी धडधडत होती. वाफ नुसतीच आकाशात जात होती आणि माणसे घाम पुसत आणखी लाकडे आत टाकत होती. सूतिकागृहात तिची मुलगी तापलेल्या भिंतीपासून खाट दूर ओढत होती. कुशीतले बाळ लालबुंद झाले होते. त्याचे रडणेही थांबले होते.

स्थपतीने भट्टी-अधिकाऱ्याला गाठले. "पंखे बंद आहेत. मग ही कशासाठी पेटवलीत?"

"बाई, यंदाचं लाकूड मंजूर होऊन आलंय. जाळलं नाही, तर पुढच्या वर्षी मिळायचं नाही."

"पुढच्या वर्षी लागणारच नाही."

"म्हणून तर आत्ताच जाळतोय," तो समजुतीने म्हणाला.

विझवायची असेल तर रीतसर अर्ज करा, असे त्याने सुचवले. तिने तिथल्या तिथे अर्ज लिहून दिला. वरिष्ठ दौऱ्यावरून परतले की बघतील, असे कळले. तिने एकदा बाळाकडे पाहिले, सुइणींना हाक मारली आणि सूतिकागृहातले सगळे हंडे भट्टीत रिकामे केले. भिंत निवली, तसे बाळ दूध ओढू लागले.

ही हकिगत ऐकून राजा हादरला. पंखे थांबल्यावरही भट्टी चालू राहील, असे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते. स्थपतीचा अर्ज ताबडतोब मंजूर करा, असे त्याने फर्मावले. भट्टी-अधिकारी पाहणी करून परतला आणि त्याने भर दरबारात अहवाल वाचला: भट्टी विझलेली आढळली. विझलेली भट्टी विझवण्यास परवानगी देता येत नाही. सबब ती प्रथम पेटवण्यात यावी.

दरबारात कोणी कोणाकडे बघेना. स्थपती मात्र उठून गेली आणि बोगद्यांच्या बांधकामातून उरलेल्या विटांनी तिने भट्टीचे तोंड कायमचे बंद केले.

तात्पर्य: गरज संपली तरी खाते संपत नाही, म्हणून ज्याला धग लागते, त्याने पाणी आधी ओतावे आणि अर्ज मागाहून करावा.

स्थपतीचा अर्ज अद्याप विचाराधीन आहे.