कुलपाचं पान

“बाई, त्या कुलपाच्या पानावर चुकीचं काय आहे, एवढं तरी सांगा!”

निनाद अंगणातूनच बोलला. गाडी कुठे लावली, हेही त्याला आठवत नव्हतं.

केळुसकर बाई दारात उभ्या होत्या. ‘सांजवात’ ही घरातले दिवे, पंप, कुलपं फोनवरून चालवणारी मोफत प्रणाली. कुणीही घ्यावी, उघडून बघावी, सुधारावी. ती कशी वापरायची, हे सांगणारी पानं वर्षानुवर्षं बाईंनी लिहिली. नजर अधू झाली तेव्हा ते काम त्यांनी निनादकडे दिलं.

निनादने ती पानं कापून नेटकी केली होती. बाई फार पाल्हाळ लावतात, असं तो मित्रांत म्हणायचा.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“चिपळूणचे एक आजोबा. कुलूप बदलायचं होतं. पानात लिहिल्याप्रमाणे त्यांनी जुनं कुलूप प्रणालीतून काढलं, आणि दार उघडतंय का बघायला बाहेर आले. दार बंद झालं, फोनवरून उघडेना. आत आजी अंथरुणाला खिळलेल्या. गॅसवर दूध...”

“आजी?”

“शेजाऱ्यांनी दार फोडलं. धुरानं गुदमरल्या होत्या. आता घरी आहेत.” त्याने फोन पुढे केला. “आणि हे बघा, आजोबांनी काय लिहिलंय. ‘माझ्याच समजण्यात चूक झाली असेल. क्षमा असावी.’”

बाईंनी फोन त्याच्या हातात परत दिला.

“चावी जवळ ठेवा, असं मी लिहिलंय बाई! पान बरोबर आहे.”

“माझ्या दारालाही तेच कुलूप आहे, तुझ्या फोनलाही जोडलेलं,” बाई म्हणाल्या. “मी आत जाते. तू बाहेरून ते प्रणालीतून काढ. पान वाचून.”

“मला पाठ आहे.”

“मग पाठ म्हणून काढ.”

दार लागलं. निनादने फोनवर बोट टेकवलं. खट्.

“आता उघड,” आतून आवाज आला.

उघडेना. त्याने पुन्हा बोट दाबलं. फोनवर आता कुलपाचं नावच नव्हतं.

“बाई, आतली कडी फिरवा.”

उत्तर नाही.

“बाई?”

खिडकीतून भात करपल्याचा वास आला. गेल्या वर्षी बाईंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, ते त्याला एकदम आठवलं. तो पान उघडून वाचू लागला. त्याचीच वाक्यं, आखीव, छोटी. एकही डोळ्यांपुढे ठरेना. घामेजलं बोट घसरत पार तळाला गेलं. तिथे बारीक अक्षरांत होतं : ‘टीप – हे करण्यापूर्वी दाराची चावी जवळ ठेवावी.’

बाईंनी ही ओळ सगळ्यात वर लिहिली होती. ती खाली त्याने नेली होती.

“बाई!” तो दोन्ही हातांनी दार बडवू लागला.

दार उघडलं. बाई समोर धडधाकट उभ्या होत्या, हातात फडकं.

निनाद पायरीवर बसला.

मग त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि पानाच्या माथ्यावर लिहिलं. बाईंना वाचून दाखवलं.

“‘दाराची चावी आत्ता तुमच्या हातात आहे का? नसेल तर इथेच थांबा.’”

बाईंनी मान हलवली. “आजोबांना फोन कर.”

त्याने केला. “आजोबा, चूक तुमची नव्हती. मी लिहिलं होतं ते,” एवढंच त्याला म्हणता आलं. पलीकडचे आजोबा त्यालाच धीर देत राहिले.

फोन ठेवून तो पुढचं पान उघडायला गेला. गॅसच्या शेगडीचं. बोटं कळांवर टेकली आणि तिथेच थांबली.

“बाई, आता प्रत्येक ओळीला छातीत धस्स होतंय. हे जाईल ना?”

बाई करपलेलं पातेलं घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,

“ज्या दिवशी जाईल, त्या दिवशी लिहू नकोस.”