तापल्या सळीचा शाप

एका राज्यात, जिथे डोंगर पहाटे कूस बदलीत आणि पाखरे माणसांशी बोलत, धृतिसेन नावाचा राजा राज्य करी. त्याच्या राजवाड्यात एक अग्निकुंड होते आणि त्यात लोखंडाची एक सळी सदैव लाल तापलेली असे. राजाच्या पणजोबांना ती कृष्णजट मांत्रिकाने दिली होती. कोणालाही जखम झाली, की घटका भरायच्या आत या सळीने डागायची, असा रिवाज होता. जखम तिथल्या तिथे मिटे, माणूस दुसऱ्या दिवशी कामाला लागे. म्हाताऱ्यांच्या हातांवर डागांच्या रांगा होत्या. लग्नकार्यात बाह्या सरसावून ते एकमेकांना त्या दाखवीत.

सळीबरोबर एक शापही आला होता. तो कोणालाच आठवत नव्हता.

राजाला दोन मुली. थोरली इंदुलेखा वीस वर्षांची, धाकटी हेमांगी सहा वर्षांची. हेमांगी रांगोळी काढू लागली, की छपरावरची साळुंकी खाली उतरून बघत बसे. तिच्या चिमटीतून धार अशी पडे, की रेघ कुठे सुरू झाली ते कळू नये.

एके सकाळी वाऱ्याने महाद्वार आपटले आणि हेमांगीच्या उजव्या तर्जनीचा शेंडा तुटला. अर्धे नख गेले. वैद्यराज सोमदत्त सळी घेऊन आले. पोर हात देईना.

"थोरलीने धरावे," वैद्यराज म्हणाले. "परक्याने धरले की पोर जास्त हिसडते."

इंदुलेखेने धरला. घट्ट धरला.

जखम मिटली. बोट आखूड राहिले आणि त्याच्या टोकाला गुळगुळीत, बधिर कातडे आले. चिमटीतून रांगोळी भसाभसा सांडू लागली. हेमांगीने डबा कोनाड्यात ठेवून दिला आणि पुन्हा कधी मागितला नाही.

मग साळुंकी इंदुलेखेला म्हणाली, "पालीची शेपटी उगवते. तुझ्या बहिणीचे बोट का उगवत नाही, हे कोणाला विचारलेस?"

इंदुलेखेने वैद्यराजांना विचारले. ते हसले. पाल ती पाल आणि राजकन्या ती राजकन्या, असे म्हणाले.

"न डागलेली जखम आपण कधी पाहिली आहे?"

"नाही."

"आपल्या वडिलांनी?"

"त्यांनीही नाही. पाहण्याची वेळच आली नाही, हाच सळीचा महिमा."

इंदुलेखेने त्याच दिवशी राजवाडा सोडला. वाट साळुंकीने दाखवली.

कृष्णजट अजून जिवंत होता. सात डोंगरांपलीकडच्या गुहेत बसून बसून त्याच्या जटांत पाखरांनी घरटी केली होती. बोट उगवायचे औषध हवे, असे इंदुलेखेने सांगितले. त्याने तीन वस्तू आणायला सांगितल्या: न पकडता मिळालेली पालीची शेपटी, खेकड्याचे रिकामे कवच आणि सांबराचे गळलेले शिंग. आणि प्रत्येकाजवळ, तुटलेले पुन्हा येईपर्यंत थांबायचे.

पालीवर ससाण्याने झडप घातली, तेव्हा शेपटी मिळाली. नवी आल्यावर पाल म्हणाली, "आली खरी, पण आत जुने हाड नाही, नुसती कूर्चा आहे. उगवलेले हुबेहूब असतेच असे नाही."

खेकड्याची नांगी तुटली होती. जुने कवच टाकून तो दगडाखाली लपला. नवी नांगी आली ती बोटाएवढीच. मऊ असताना कोणीही खाईल, म्हणून आपण लपतो, एवढेच तो बोलला.

सांबरासाठी इंदुलेखा कित्येक महिने रानात राहिली. शिंग गळले, मखमली कोंब फुटला, आत रक्त वाहू लागले. सांबर म्हणाले, "या दिवसांत मी झाडाला डोके घासत नाही. वाट बघतो."

तिन्ही वस्तू तिने कृष्णजटापुढे ठेवल्या आणि औषध करायला सांगितले. त्याने त्या ओढ्यात सोडून दिल्या.

"या तिघांपैकी कोणी जखम डागली?"

"कोणीच नाही."

"तुझ्या खापरपणजोबाला सैनिक दुसऱ्याच दिवशी रणात हवे होते. मी सळी दिली आणि शाप सांगितला: जे घाईने मिटेल, ते पुन्हा उगवणार नाही. त्याने अर्धेच ऐकले. लहान मुलाच्या बोटाचा शेंडा तुटला आणि नखाचे मूळ शाबूत असेल, तर तो आपला आपण येतो. स्वच्छ ठेवायचा, ओला ठेवायचा, मिटवायचा नाही."

"माझ्या बहिणीच्या नखाचे मूळ शाबूत होते."

"होते."

"मी हात धरला नसता तर?"

"आले असते."

तिने विचारले, "आता?"

"डागल्या जागेची वाट बुजते. ती उघडायची विद्या मला येत नाही. तुम्ही विचारत राहिलात, तर कधीतरी कळेल. तुझ्या हयातीत कळेल, असे मी म्हणत नाही."

इंदुलेखा परतली, त्याच आठवड्यात कुंभाराच्या लहानग्या मुलीच्या, गोजरीच्या बोटाचा शेंडा विळ्याने तुटला; नखाचे मूळ शाबूत होते. वैद्यराज सळी घेऊन निघाले. इंदुलेखा आडवी आली. वडीलधाऱ्यांचा अवमान करू नकोस, असे राजाने बजावले.

"महाराज, नव्वद दिवस द्या. बोट आले नाही, तर हीच सळी माझ्या तळहातावर टेकवा."

राजाने गोजरीच्या आईकडे पाहिले. आई हेमांगीच्या बोटाकडे पाहत होती. "नका डागू," ती म्हणाली.

इंदुलेखेने फडक्याने दाबून रक्त थांबवले. उकळून निववलेल्या पाण्याने ती रोज जखम धुई आणि धुतलेल्या पानाखाली झाकून ठेवी. जखमेला वास येई. म्हातारे नाकाला उपरणे लावून दारावरून जात आणि मुद्दाम मोठ्याने बोलत. तिसऱ्या आठवड्यात गुलाबी कोंब दिसला. मग नख.

नव्वदाव्या दिवशी वैद्यराजांनी ते बोट उजेडात धरून फार वेळ पाहिले. मग स्वतःच सळी उचलून पाण्यात बुडवली. ती विझली आणि तिची माती झाली. शाप सुटला, पण आधी डागलेल्या जागा तशाच राहिल्या. "माझ्या हातून किती जणांची..." एवढे बोलून वैद्यराज खाली बसले. इंदुलेखेने त्यांना दोष दिला नाही. हात तिनेही धरला होता.

संध्याकाळी हेमांगीने गोजरीचे नवे नख दाबून पाहिले.

"ताई, माझे येणार नाही ना?"

"नाही," इंदुलेखा म्हणाली.

हेमांगीने कोनाड्यातला डबा काढला, गोजरीची चिमूट आपल्या हाताने धरली आणि महाद्वारापुढे ती अलगद सोडायला शिकवली. धार सरळ पडली. साळुंकी खाली उतरून बघत बसली.

ज्यांच्या जखमेला वेळ मिळाला, त्यांची बोटे फुलोत. ज्यांना मिळाला नाही, त्यांच्यासाठी कोणीतरी विचारत राहो.